तिसऱ्या हाकेची ओ

३ मार्च १९९६
आलो एकदाचे सुरतेला. भेस्तानात खोली मिळाली, भिंतीला भिंत लावून साडू सुकलाल आणि मेहुणी शोभा. नोकरीही त्यानंच लावली. वर्षा बहिणीच्या गळ्यात पडून इतकी रडली की माझा चहा निवून गेला.

५ मार्च
काम झकास आहे. पलसाण्याच्या पुढं टेकडीवर कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलचं तळं, खाली जुन्या दगडखाणीत दुसरं. मधे माणूस वाकून चालेल एवढा पाइप. मिलला सुट्टी असली की वाया जाणाऱ्या विजेवर खालचं पाणी वर चढवायचं. वीज तोकडी पडली की तेच पाणी खाली सोडायचं. चढवणारं मशीन मग उलटं फिरतं आणि वीज देतं. शंभर युनिट घालून पंच्याहत्तर परत, पण ऐन गरजेला. सुकलाल खाली मशीनवर, मी वर व्हॉल्व्हवर.

नियम एकच. पाइपातली जाळी साफ झाली की झाकण उघडून आत तीन हाका द्यायच्या. कुणी ओ दिली तर व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

९ मार्च
सुकलालनं कारण सांगितलं. पूर्वी जाळी साफ करायला सखाराम होता, आपल्याच खानदेशातला. तेव्हा वर व्हॉल्व्हवर होता त्यानं घाईत एकच हाक दिली. पहिल्या हाकेला ओ देऊ नये, ती भुताची असते, असं आपल्या आयांनी शिकवलेलं. तो बिचारा पुढच्या हाकेची वाट बघत गप्प राहिला. वरून पाणी सुटलं.

१४ मार्च
तिसऱ्या हाकेला ओ आली. मी पाणी सोडलं नाही. चौघांनी पाइप धुंडाळला, आत चिटपाखरू नाही. मिल तासभर बंद. साहेब म्हणाले, पुन्हा असं केलंस तर बिऱ्हाड गुंडाळ.

१९ मार्च
पुन्हा ओ. डोळे मिटून व्हॉल्व्ह उघडला. काही झालं नाही. वर्षाला सांगितलं नाही.

२७ मार्च
दर वेळी ओ येते, दर वेळी उघडतो. सवय झाली, याचीच भीती वाटते. सुकलालला बोललो तर हसला. म्हणे एकदा आत जाऊन तुझ्या सखारामला तंबाखू देऊन येतो.

२ एप्रिल
सुकलाल आत होता. मला न सांगता शिरला — माझी भीती घालवायला. मी हाक दिली. ओ पहिल्याच हाकेला आली. सखाराम तिसरीला देतो. कळायला हवं होतं — मी उघडला —

५ एप्रिल
भिंतीपलीकडे शोभा रडते. वर्षानं विचारलं, हाका दिल्या होत्या ना. दिल्या होत्या म्हणालो. ओ आली होती, ते —

९ एप्रिल
साहेबांनी कामावर बोलावलं. पहिल्या हाकेला ओ. तिसरीलाही. दोन निराळे आवाज. व्हॉल्व्ह उघडला नाही. घरी येऊन शोभाला सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, मला ऐकव.

१० एप्रिल
आणली तिला टेकडीवर. तिनंच हाक दिली. ओ आली — तिनं आवाज ओळखला — मी धरेपर्यंत आत उतरली —
मिल थांबलीय. साहेबांचा माणूस व्हॉल्व्ह उघडायला वर चढतोय. मी झाकणात तोंड घालून शोभाला हाका मारतोय. सुकलालची ओ येते. सखारामची येते. तिची अजून नाही —