सात नंबरचा उतार

॥ श्री ॥
सातारा, ता. ८ ऑक्टोबर १९४४

चि. जोतीराम यास कोंडीबाचा आशीर्वाद. वि. वि. हे पत्र रानात एकट्यानं वाच. सोबतची चिठ्ठी तेवढी तुझ्या वैनीला वाचून दाखव.

परवा तार आली. क्लबातल्या बाबूनं वाचून सांगितलं की आपला सयाजी इटलीत कामी आला. मी बरं म्हणालो आन् गवताला पाणी सोडायला गेलो. रडू आलं न्हाई, अजूनबी येत न्हाई. भाकर खातो, झोप लागती. पोटचा पोरगा गेला आन् मी असा, माझीच मला लाज वाटती.

वैनी तुझ्याकडं तुझ्या कारभारणीच्या, अंबूबाईच्या बाळंतपणाला आलीया, तिला हे एकदम सांगू नको. इथल्या गोल्फच्या मैदानात सात नंबरच्या भोकाभोवतीची हिरवळ लय जुनी आन् उताराची. चेंडू थांबतच न्हाई. साहेब म्हणाला, उकरायचं न्हाई, खेळ थांबवायचा न्हाई, उतार तेवढा मोड. म्हणून खालच्या अंगाला चाळलेली माती-वाळू पसरतो. पातळ, गवताची शेंडी वर दिसली पायजे. गवत वर आलं की पंधरवड्यानं दुसरा थर. एकदम टाकली तर गवत गुदमरतं. तिलाबी तसंच सांगायचं. आधी पत्र न्हाई, मग जखमी, मग पुढचं.

तुझा दादा,
कोंडीबा

(चिठ्ठी)
घरच्या मंडळीस कळावे की माझी तब्येत ठीक हाय. सयाजीचं पत्र ह्या खेपेला न्हाई. लढाईत टपाल मागंपुढं व्हतंच. चि. विजयमालेस आशीर्वाद. बाळंतिणीला डिंकाचे लाडू घालणे.


पलूस, ता. २० ऑक्टोबर १९४४

ती. दादांस जोतीरामाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. मोटंच्या नाड्यावर बसून पत्र वाचलं. बैल कवा थांबलं, मला कळलं न्हाई.

चिठ्ठी वैनीला वाचून दाखवली. तिनं पुन्हा एकदा वाचाय लावली. मग बाळीला न्हाऊ घालाय गेली. दादा, तुमी गवताचं जाणता, पण बाईमाणसाचं काळीज म्हणजे काय साहेबाची हिरवळ न्हवं. तरी थोरल्याचा शब्द मोडत न्हाई. तुमी येळेवर जेवा, एवढं ऐका.

तुमचा,
जोतीराम


सातारा, ता. १२ नोव्हेंबर १९४४

चि. जोतीराम यास आशीर्वाद. वि. वि. इथं दुसरा थर पडला. गवतबी जरा वाढू दिलं, त्यानं चेंडू दमानं जातो. साहेब खूश हाय. उतार मोडाय तीन सालं लागतील म्हणून त्याला सांगितलं. वैनीलाबी तेवढी लागली तर लागू देत, मला घाई न्हाई. कशाचीच न्हाई.

सोबतच्या चिठ्ठीत सयाजीला जखम झालीया, दवाखान्यात हाय, असं लिवलंय. ती वाचून दाखव.

कोंडीबा


पलूस, ता. २५ नोव्हेंबर १९४४

ती. दादांस शि. सा. नमस्कार. वि. वि. तुमची चिठ्ठी अर्धी वाचली आन् वैनीनं मला थांबवलं. म्हणाली, "भावजी, पुरं करा."

तिला पयल्या चिठ्ठीपासनं ठाऊक हाय. तुमच्या दर पत्रात ‘चिरंजीव सयाजी खुशाल’ असायचं. त्या दिशी मी वाचलं ते नुसतं सयाजी. महिन्याच्या विजयमालेला चिरंजीव, आन् त्याला न्हाई. म्हणून तिनं दोनदा वाचाय लावलं. मी आत जाऊन चिठ्ठी काढून बघितली. खरंच न्हाई, दादा. दुसरीतबी न्हाई. तुमच्या हातानं ते लिवलंच न्हाई, आन् तुमाला पत्ताच न्हाई.

एवढं दीस गप का ऱ्हायलीस, म्हणून विचारलं. बाळंतिणीच्या घरात कसं रडू, म्हणाली. मग तुमचं हिरवळीच्या थराचं पत्रबी मी तिला वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, त्येंनाच एकदम झेपत न्हवतं, म्हणून थोडं थोडं पसरत हुते, मी पसरू दिलं.

परवाच्या मोटारीनं तिला साताऱ्याला घेऊन येतो. तिनं एक ओळ लिवाय सांगितलीया, तिच्याच शब्दांत लिवतो.

"माझ्यासाठी आता थर टाकू नका. मी येतीया, मग दोघं मिळून रडू."

आमच्यावर माया हाय ती तशीच असू द्यावी.

तुमचा धाकटा,
जोतीराम