यादीतला शेवटचा प्रकार

सर, काकू स्वयंपाकघरात तूर निवडत बसल्या होत्या आणि तुम्ही त्यांच्या सुपातले सात दाणे उचलून फरशीवर मांडलेत, तो दिवस आज सकाळपासून डोक्यातून जात नाही. तीन-तीन दाण्यांच्या सात ओळी खडूनं काढल्यात, एक ओळ वाकवून गोल केलीत. कोणतेही दोन दाणे घ्या, दोघांची मिळून ओळ एकच. "आता याले त्याच्या जागी ने. बाकीचेही हलव, पण ओळी मोडू नको." मी हलवत बसते, आणि अगं बाई, कोणताही दाणा कुठेही जातो, तरी मांडणी तीच! काकू म्हणतात, "अवो, थे वरणाची तूर हाय, वापस टाका."

अशा सगळ्या मांडण्यांची यादी करायची आणि यादीबाहेर एकही नाही हे सिद्ध करायचं, यात पुसदच्या कॉलेजात तुमचा जन्म गेला. एकदा मी फळ्यावर 'उघड आहे' लिहून पुढे सरकले, तर तुम्ही डस्टर आपटलंत. "उघड हाय तं दाखव ना! काहून घाई करून राह्यली?" अख्ख्या वर्गासमोर रडवलंत मला. असा राग आला होता तुमचा!

तुम्ही गेल्यावर काकूंनी तुमची यादीची वही माझ्या हातात दिली. एकच प्रकार सिद्ध करायचा उरला होता. दोन वर्षं डोकं फोडलं, मग यादी पूर्ण झाली म्हणून छापली. आधी तुमचं नाव, मग माझं. त्याच जोरावर वणीत नोकरी लागली. आता परदेशातल्या एका गणितज्ञानं नेमक्या त्याच प्रकारातली, आपल्या यादीत नसलेली मांडणी पाठवली आहे. तीनदा तपासली. बरोबर आहे मेली. त्यानं विचारलं, इथे नुसतं 'उघड आहे' लिहिलंय, सिद्धता कुठे? मी कळवलं, तो भाग सरांचा, ते आता नाहीत. बिचाऱ्यानं तुमच्या चुकीबद्दल हळहळ व्यक्त केली. खरं सांगावं तर माझी नोकरी, माझी अब्रू, सगळंच जातं. गप्प बसावं तर तुमचं नाव जातं. आठ दिवस हेच चाललंय. कुठूनही निघाले तरी तिथेच येऊन अडकते.

वही आत्ता समोर उघडी आहे. त्या शेवटच्या प्रकाराच्या पानावर तुमच्या पेन्सिलीचं एक मोठं प्रश्नचिन्ह आहे, खाली पान कोरं. 'उघड आहे' हे मी लिहिलं, सर. हे त्याला कळवायला हवं. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्हाला पाठवावं लागत नाही.