वेळेअभावी रद्द

मंगळवार, १९ एप्रिल. उदगीर.

बातमी वेळेत गेली, पण चीड जात नाही. नव्या जिल्ह्याच्या मागणीची सभा होती. गर्दी जमावी म्हणून लातूरच्या माधवचा रॉक बँड बोलावला होता. नऊ वर्षं हे चौघे तोंडाला काळा-पांढरा रंग फासून, गळ्यात साखळ्या अडकवून गाताहेत. दुष्काळात कार्यक्रमच बंद पडले. आजचं जमलं नाही तर बँड मोडायचा, असं माधव सकाळीच मला म्हणाला होता.

मंचामागे सभा भरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष अण्णा आले. "माधवराव, मंत्रीसाहेब यायलेत. हे भुताचं तोंड धुवा आधी."

"अण्णा, गावात बारा दिवस झाले नळ न्हाई. धुऊ कशानं?"

अण्णांनी हाक मारली आणि भरलेली घागर आली. बारा दिवस नळ नाही, आणि घागर आली. काठोकाठ.

"हे प्यायचं पाणी हाय," माधव म्हणाला. "आमचा रंग खोबरेल तेलानं निघतो. तेबी गाणं झाल्यावर." त्यानं घागर उचलली आणि उन्हात बसलेल्या बायांपुढे नेऊन ठेवली.

"मग माइक न्हाई," अण्णा म्हणाले.

चौघे तसेच, रंगल्या तोंडानं टेम्पोत बसून गेले.

अण्णांनी सांगितलं तेच मी लिहिलं: 'वेळेअभावी संगीताचा कार्यक्रम रद्द.' वीस वर्षांची बातमीदारी, आणि हे. साहेब तर तासभर उशिरा आले. वेळच वेळ होता. घागर माझ्या बातमीत कुठेच नाही.

पान छपाईला सुटायला अजून चाळीस मिनिटं आहेत. डेस्कला फोन लावतो. 'वेळेअभावी' काढा म्हणतो, आणि घागर घाला.