शेवटची कॅसेट खराब आहे

बाबा, काल तुमची नात आली आणि म्हणाली, "आत्या, एखादी चांगली अ‍ॅनिमे सिरीज सांग ना, तू तर सगळ्या बघतेस." अ‍ॅनिमे म्हणजे आपल्या दुकानात होतं तसलं जपानी कार्टून. मी म्हटलं, "मला नाही गं कळत त्यातलं." धडधडीत खोटं! माझी मतं ढीगभर आहेत. पहिले दोन-तीन भाग रटाळ वाटले तरी सोडू नये, शेवट आधी विचारू नये, आणि चित्रंच आहेत म्हणून ते पोरांपुढे लावून आपण भाजी निवडायला जाऊ नये. पण कुणाला "हे बघ" म्हणायची वेळ आली की माझी जीभ रेटत नाही. का, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आता तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली.

नौपाड्यातली आपली व्हिडिओ लायब्ररी, माझी दहावीनंतरची सुट्टी. तुम्ही स्वतः एकही पिक्चर बघत नव्हतात. "हलवाई कुठे पेढे खातो?" म्हणायचात. तरी गिऱ्हाईक आलं की आधी चौकशी, घरी कोण कोण आहे, म्हातारं माणूस आहे का, आणि मगच कॅसेट काढायचात. मला हसू यायचं. मी आपली मस्कतहून कुणीतरी आणलेल्या त्या जपानी मालिकेच्या सहा कॅसेटींपायी वेडी झालेली. बर्फाच्या गावातल्या स्टेशनवर चहा विकणारी एक मुलगी, रोजच्या गाडीतून आई उतरेल म्हणून वाट बघते. इंग्रजी अर्धंच कळायचं, तरी ढसाढसा रडले. मग येईल त्याच्या मागे लागायचे. "काकू, न्या तर खरं, नुसतं कार्टून नाहीये ते!" काकू म्हणायच्या, "अगं बाई, डोळे बघ केवढाले!" कुणी नेईना.

नेली ती मागच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी. त्यांची बायको नुकतीच वारली होती, आठ वर्षांची मुलगी दिवसभर गप्प बसायची. "पोरीला बघायला काहीतरी दे," म्हणाले. तुम्ही जेवायला गेलेलात. मी पहिली कॅसेट दिली. मला माहीत होतं हो बाबा, सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण मला माझ्यासारखं रडणारं कुणीतरी हवं होतं.

मग ती स्वतःच यायला लागली, रोज एक कॅसेट न्यायला. चक्क बोलायला लागली. "ताई, आज गाडी किती लेट आली!" सहाव्या दिवशी काउंटरवर तुम्ही होतात. "काका, शेवटची द्या. आई येते ना त्यात?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि माझ्या तोंडावरून काय ते समजलात. "ती खराब झालीये गं बाळा, बुरशी लागली. दुरुस्तीला टाकलीये." ती वळल्यावर मला म्हणालात, "तू रडलीस म्हणून दुसऱ्याचं लेकरू रडवायचं? अक्कल गहाण टाकलीस काय?" त्या दुपारी शटर अर्धं ओढून तुम्ही ती कॅसेट स्वतः बघितलीत. आई येत नाही. तुम्ही ती माळ्यावर ठेवलीत.

पण ती रोज येते. "झाली का दुरुस्त?" फ्रॉकची शिवण उसवलेली, शिवून द्यायला घरी कुणी नाही. तुम्ही "उद्या" म्हणता. दुसऱ्या दिवशी परत "उद्या". मग ती लांबून दिसली की तुम्ही आतल्या खोलीत जाता आणि काउंटरवर मी एकटी. आई येते म्हणावं तर खोटं, येत नाही हे तिला कुठल्या तोंडाने सांगू? एवढंसं काम, पण मला ते जमत नव्हतं आणि तुम्हालाही नाही.

एकदा तुम्ही टेंभी नाक्यावर कामाला गेला होतात. ती आली, "झाली का?" म्हणाली, आणि मी स्टुलावर चढून कॅसेट काढून दिली. दुसऱ्या दिवशी तिने ती काउंटरवर ठेवली. आल्या पावली परत वळली. ती गेल्यावर मी कॅसेट मशीनमध्ये घातली. रिवाइंड केलेली नव्हती, तिने जिथे बंद केली तिथूनच सुरू झाली. शेवटची गाडी अजून यायची होती.

ती परत कधी दुकानात आली नाही. आठवड्याभराने तुम्ही सुस्कारा टाकून म्हणालात, "विसरली वाटतं पोर. सुटलो एकदाचा!" किती दिवसांनी तुमचा चेहरा मोकळा झाला होता. मी म्हटलं, "हो, विसरली."