खांबावरचा काळा पक्षी

शुक्रवार, ९ जानेवारी. संध्याकाळ.
उद्या पाणपक्ष्यांची वार्षिक गणना. आमच्या तळ्याचे आकडे एकोणीस वर्षं मीच देतो. यंदा पक्षीमंडळाच्या सेक्रेटरीने शेजारचा दातांचा डॉक्टर जोडीला दिलाय. मदतीला म्हणे! त्याला बगळा आणि बदक यांतला फरक मी शिकवला.
ही म्हणते, उद्या अकराला डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ आहे, दोनदा चुकवलीत, आता पुरे. गणना वर्षातून एकदाच येते. डोळे काय, रोजचेच. पुढच्या आठवड्यात नक्की.
काळी लोकरी टोपी तळ्यावरून आल्यापासून गायब. या घरात वस्तू जागेवर ठेवायची शिस्तच नाही.

शनिवार, १० जानेवारी. सकाळी ७.१०
दाट धुकं. कालच्यासारखंच. हाडाच्या निरीक्षकाला त्याचं काय!

७.४०
दुर्बीण चौथ्यांदा पुसली. हल्ली काचा कसल्या लावतात कोण जाणे. बदकं : साठ (आवाजावरून). दातवाला म्हणतो चौदा. एकेक मोजत बसला होता. दात आहेत का ते?

८.२५
कमाल! काठाच्या खांबावर काळा शिकारी पक्षी, मान आखडून. एकोणीस वर्षांत प्रथमच. दातवाल्याला पलीकडच्या काठावर पिटाळलं. फॉर्मवर पेनाने लिहून टाकलं.

९.३०
अजून हलला नाही. शिकाऱ्याचा संयम! आमच्या दोघांत हेच साम्य.

१०.२०
टॅक्सी थांबवून ही हजर. मी ओठांवर बोट ठेवून खांबाकडे खूण केली. ही तरातरा गेली, पक्षी उचलला, झटकला आणि माझ्या डोक्यावर घातला.
दातवाला परत आला होता. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. हळूच विचारलं, काका, असं कधीपासून दिसतंय? म्हटलं, एवढ्या धुक्यात कुणाचीही चूक होईल.
मग ही म्हणाली, अहो, धुकं कुठलं? लख्ख ऊन पडलंय.
टॅक्सीपर्यंत हात धरून नेलं. चारचौघांत कधी धरत नाही.

संध्याकाळी ६.००
डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळू. आधी यायला हवं होतं. सगळेच डॉक्टर हे म्हणतात.
फॉर्म दातवाल्याने नव्याने भरला. बदकं : चौदा. खाली सही मात्र माझीच घेतली. कुठे करायची, तिथे बोट ठेवून.
आता घरातही धुकं शिरलंय. हिला खिडकी लावायला सांगितली.
लावलेलीच होती.