वाळूतली वेणी

शनिवार, १३ डिसेंबर. मुलुंड.

पायांचे तुकडे पडलेत. दिवसभर लांब उडीच्या खड्ड्याशी टेप धरून ओणवी होते. कुकर लावायचाय, पण आधी हे लिहून टाकते.

आमच्या शाळेची सायली, ती भांडुपची, शेवटच्या उडीला काय उडाली! टाचांपासून मोजलं असतं तर शाळेचं रेकॉर्ड चार बोटांनी मोडत होतं. माझंच रेकॉर्ड, बावीस वर्षांपूर्वीचं. पण पडताना तिची वेणी मागे टेकली आणि वाळूत बारीकशी रेघ उठली. सगळ्यात मागे जे टेकेल तिथून मोजायचं, मग केस का असेनात. नियमच आहे तसा.

टेपचं दुसरं टोक धरलेले पवार सर हळूच म्हणाले, "सोडा ना मॅडम, केसच तर आहेत."

मी टेप रेघेवरच लावली. रेकॉर्ड वाचलं.

सायली रडली नाही. एवढंच म्हणाली, "मॅडम, उद्याच केस कापून टाकते."

मी बरोबरच मोजलं ना? रेकॉर्ड दुसऱ्या कुणाचं असतं तरी असंच मोजलं असतं? असतं बहुतेक. मग ती रेघ डोळ्यांसमोरून का हलत नाही?

का ते माहितीये मला. माझ्या त्या उडीलाही वेणी टेकली होती. आमच्या सरांनी चपलेनं रेघ पुसली आणि मग टेप लावली. मी तिथेच उभी राहून बघत होते.