मोरीमागचं काळं पान

मंदाकिनी,

आज सकाळी मला विश्वरूपदर्शन झालं. मोरीमागे, बनियनवर उभा असताना.

ज्याच्यासाठी मी तुझा कढीपत्ता उपटला आणि तू बोलणं सोडलंस, त्या हरसूलच्या बाजारातल्या कंदाचं पान उलगडलंय. हत्तीच्या कानासारखं, काळंकुळं, त्यावर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा पळतोय. बघताना मी चहा विसरलो, यावरून काय ते ओळख.

ओट्यावर चिंच भिजत घातलेली दिसली. योगिनीच्या सासऱ्यांना अळूवड्या आवडतात, हे ठाऊक आहे. पण हे अळू शोभेचं आहे, त्याला हात लावू नकोस. व्याह्यांचा घसा खाजला तर ते आपला गळा धरतील. वडीची पानं आणायला मीच बाजारात गेलोय.

किती आणू, तेवढं फोन करून सांग. नुसता आकडा सांगितलास तरी चालेल.